सेकंदाच्या दहाव्या भागासाठी : गावच्या मैदानावर वेगवान धावपटूंचे प्रशिक्षण

बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, खामगाव किंवा मलकापूर यांपैकी कोणत्याही गावाकडून निघणाऱ्या रस्त्यावर हिवाळ्याच्या पहाटे गेले, तर धावणारी तरुण मुले हमखास दृष्टीस पडतात. त्यांतील कोणी पोलीस भरतीची, तर कोणी सैन्यभरतीची तयारी करीत असतो. काही शाळकरी मुले तालुका क्रीडा स्पर्धेसाठी धावत असतात. त्यांच्या जिद्दीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि, त्यांच्या सरावाची पद्धत पाहिली तर एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. बहुतेक सर्वजण डांबरी रस्त्याने तीन-चार किलोमीटर एकाच संथ लयीत जातात आणि त्याच लयीत परत येतात. या सरावाने दम वाढतो. वेग मात्र फारसा वाढत नाही.

पोलीस शिपाई पदाच्या अलीकडील भरतीत शारीरिक चाचणीसाठी ५० गुण होते आणि त्यांतील १५ गुण १०० मीटर धावण्यासाठी राखून ठेवण्यात आले होते. हे गुण वेळेच्या टप्प्यांनुसार मिळतात. टप्पा सेकंदाच्या दहाव्या भागाने हुकला तरी गुण कमी होतात आणि निवड यादीतील नाव खाली सरकते. शेतकरी व शेतमजूर कुटुंबातील एखाद्या तरुणाच्या बाबतीत हा दहावा भाग पुढील तीस वर्षांच्या उपजीविकेचा प्रश्न ठरू शकतो. म्हणूनच वेग कसा निर्माण होतो, तो कसा मोजावा आणि कसा वाढवावा, याची शास्त्रीय माहिती गावातील शिक्षकांपर्यंत व पंचायत सदस्यांपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.

परंपरा आणि प्रगती

वेगवान धावेची परंपरा महाराष्ट्राला नवीन नाही. १९५१ साली नवी दिल्ली येथे पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या. त्या वेळी मुंबईच्या लॅव्ही पिंटो यांनी १०० मीटरची शर्यत १०.८ सेकंदांत व २०० मीटरची शर्यत २२.० सेकंदांत जिंकून दोन्ही सुवर्णपदके मिळविली. त्याच स्पर्धेत रोशन मिस्त्री यांनी महिलांच्या १०० मीटर शर्यतीत रौप्यपदक, तर मेरी डिसूझा यांनी २०० मीटर शर्यतीत कांस्यपदक पटकाविले. पुढील वर्षी, १९५२ साली, पिंटो आणि डिसूझा हे दोघेही हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावले. आजच्या कृत्रिम धावपट्ट्या, हलके बूट व विद्युत घड्याळे त्या पिढीला उपलब्ध नव्हती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

सेकंदाच्या सूक्ष्म भागाचे मोल काय असते, याचा अनुभव देशाने १९८४ साली घेतला. लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांनी ५५.४२ सेकंद वेळ नोंदविली. तिसऱ्या आलेल्या धावपटूची वेळ ५५.४१ होती. सेकंदाच्या शंभराव्या भागाने भारताचे पदक हुकले. अलीकडे, जुलै २०२५ मध्ये, ओडिशाकडून खेळणाऱ्या अनिमेश कुजूर यांनी ग्रीसमध्ये १०० मीटर अंतर १०.१८ सेकंदांत धावून नवा राष्ट्रीय विक्रम नोंदविला. पिंटो यांच्या वेळेपासून येथपर्यंत येण्यास भारतीय धावपटूंना सात दशकांहून अधिक काळ लागला. दोन वेळांमधील अंतर मात्र जेमतेम सहा दशांश सेकंदांचे आहे. वेगाच्या क्षेत्रातील प्रगती ही अशी तिळातिळाने होत असते.

शंभर मीटरचे चार टप्पे

शंभर मीटरची धाव म्हणजे आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखे जीव तोडून धावणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात या धावेचे चार स्वतंत्र टप्पे असतात. पहिला टप्पा प्रतिसादाचा व सुरुवातीचा. दुसरा वेग वाढविण्याचा. तिसरा कमाल वेगाचा आणि चौथा तो वेग टिकविण्याचा.

जमैकाच्या युसेन बोल्ट यांनी २००९ साली बर्लिन येथे ९.५८ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. त्या धावेचे शास्त्रज्ञांनी केलेले पृथक्करण या दृष्टीने उद्बोधक आहे. पहिल्या २० मीटरना त्यांना २.८९ सेकंद लागले. त्यानंतरच्या प्रत्येक २० मीटरसाठी अनुक्रमे १.७५, १.६७, १.६१ व १.६६ सेकंद लागले. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, जगातील सर्वांत वेगवान धावपटूलाही आपला कमाल वेग गाठण्यास ६० मीटर अंतर कापावे लागले. दोन, शेवटच्या २० मीटरमध्ये त्याचाही वेग थोडा उतरला. शेवटी जो पुढे निघून गेल्यासारखा दिसतो, तो बहुधा इतरांपेक्षा कमी मंदावलेला असतो. शाळकरी मुले आपला कमाल वेग याहून बरेच आधी, साधारणपणे ३० ते ४० मीटरवर गाठतात आणि त्यानंतर त्यांचा वेग लवकर ओसरू लागतो. मोठ्या खेळाडूंचा सराव मुलांना जसाच्या तसा देऊ नये, याचे हे एक प्रमुख कारण आहे.

वेगाचे दुसरे गणितही सोपे आहे. पावलाची लांबी गुणिले दर सेकंदाला पडणाऱ्या पावलांची संख्या म्हणजे वेग. एखाद्या मुलाने १०० मीटर अंतर १३ सेकंदांत ५२ पावलांत कापले, तर त्याचे सरासरी पाऊल १.९२ मीटरचे आणि पावलांची गती सेकंदाला ४ झाली. पाऊल लांबवावे म्हणून अनेक मुले पाय शरीराच्या फार पुढे टाकतात. असे पाऊल गाडीच्या ब्रेकप्रमाणे काम करते आणि वेग कमी होतो. अमेरिकेतील संशोधक पीटर वेयंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले, की वेगवान धावपटू हवेत पाय अधिक चपळाईने फिरवितात म्हणून पुढे जात नाहीत. जमिनीला पाय टेकलेला असतानाच्या अत्यल्प क्षणात ते जमिनीवर अधिक जोर देतात. निष्णात धावपटूचा पाय कमाल वेगाच्या वेळी सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापुरताच जमिनीवर असतो. तेवढ्या वेळात जास्तीत जास्त जोर देता यावा, हेच सर्व प्रशिक्षणाचे सूत्र होय.

मोजमापाची सवय

मोजमापाचे महत्त्व बुलढाणा जिल्ह्याला एका वेगळ्या खेळाने पटवून दिले आहे. मे २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेत बुलढाण्याच्या प्रथमेश जवकार यांनी नेदरलँड्सच्या माईक श्लोसर यांचा १४९-१४८ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातही ते होते. तिरंदाजीत प्रत्येक बाणाचा गुण लिहिला जातो व त्यावरून पुढच्या सरावाची दिशा ठरते. धावण्याच्या सरावात मात्र मुलाला 'आणखी जोरात पळ' एवढेच सांगितले जाते. कोठे जोरात पळायचे, हे त्याला कळत नाही. कारण तो कोठे मागे पडतो, हे कोणी मोजलेले नसते.

हे मोजण्यास महागडी यंत्रे लागत नाहीत. तीन स्टॉपवॉच, एक मोजपट्टी, थोडी फक्की आणि एक रंगीत झेंडी एवढे साहित्य पुरेसे आहे. सरळ धावमार्गावर ३०, ६० व १०० मीटरवर फक्कीने रेषा आखाव्यात. प्रत्येक रेषेवर एक शिक्षक किंवा मोठा विद्यार्थी घड्याळ घेऊन उभा राहावा. झेंडी खाली येताच तिघांनीही घड्याळे सुरू करावीत आणि धावपटूची छाती आपापल्या रेषेवर येताच ती थांबवावीत.

येथे एक दक्षता अवश्य घ्यावी. शिट्टीचा किंवा टाळीचा आवाज ऐकून घड्याळ सुरू करू नये. आवाजाला १०० मीटर अंतर कापण्यास सुमारे ०.३ सेकंद लागतात. शेवटच्या रेषेवरील व्यक्तीने आवाजावर घड्याळ सुरू केले, तर धावपटूची वेळ तेवढ्याने कमी भरते आणि मुलाची फसवी समजूत होते. शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजाऐवजी धुराकडे पाहण्याची जुनी प्रथा याच कारणाने पडली. हातघड्याळाची वेळ विद्युत घड्याळाच्या वेळेपेक्षा साधारणतः ०.२४ सेकंदाने कमी भरते, हेही ध्यानात ठेवावे. गावात १२.० सेकंदांत धावणाऱ्या मुलाने विद्युत घड्याळावर १२.२ ते १२.३ सेकंदांची अपेक्षा धरावी. पाठीमागून वारा असेल तर वेळ आणखी फसवी ठरते. म्हणूनच पाठीवरचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा अधिक असल्यास त्या धावेचा विक्रम मानला जात नाही.

या नोंदींचा उपयोग कसा करावा, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका शाळेतील दोन मुलांची १०० मीटरची वेळ १३.० सेकंद अशी अगदी सारखी आहे. पहिल्याने ३० मीटर ४.६ व ६० मीटर ८.१ सेकंदांत गाठले. दुसऱ्याने ३० मीटरला ५.० व ६० मीटरला ८.४ सेकंद घेतले. म्हणजे पहिला मुलगा सुरुवातीला ०.४ सेकंदाने पुढे होता; परंतु शेवटच्या ४० मीटरना त्याला ४.९ सेकंद लागले, तर दुसऱ्याला ४.६. पहिल्या मुलाची सुरुवात उत्तम आहे. त्याला कमाल वेग व वेग टिकविण्याचा सराव हवा. दुसऱ्याचा कमाल वेग चांगला आहे. त्याची सुरुवात व पहिले ३० मीटर सुधारले पाहिजेत. केवळ शेवटची वेळ लिहिली असती, तर दोघांना एकच सराव दिला गेला असता आणि दोघांचाही काही वेळ वाया गेला असता.

पावले मोजण्यासाठी तर जमीनच वहीचे काम करते. धावमार्गावरील मुरमाचा वरचा थर फावड्याने किंवा दाताळ्याने हलकेच मोकळा केला, की धावल्यानंतर पावलांचे ठसे स्पष्ट उमटतात. ते मोजपट्टीने मोजावेत. भ्रमणध्वनीवर मंदगतीने चित्रित केलेली धावही धावपटूला स्वतःचे दोष दाखविण्यास उपयोगी पडते. मान वर उचलली जाते काय, हात शरीरासमोर आडवे फिरतात काय, पाय कमरेच्या फार पुढे पडतो काय, या तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात.

सरावाची आखणी

वेगाच्या सरावाचा पहिला नियम विश्रांतीचा आहे. पूर्ण वेगाने धावताना स्नायूंत साठलेली तात्काळ ऊर्जा सहा ते दहा सेकंदांत संपत येते आणि ती बऱ्याच अंशी भरून येण्यास तीन ते पाच मिनिटे लागतात. त्यापूर्वी पुन्हा धावल्यास मुलगा दमतो, पण वेगाने धावत नाही. आणि जो वेगाने धावत नाही त्याचा वेगाचा सराव होत नाही. दर १० मीटरमागे एक मिनिट विश्रांती, हा प्रशिक्षकांचा सोपा हिशेब आहे. ३० मीटर धावल्यावर तीन मिनिटे थांबलेल्या मुलाला आळशी समजू नये.

प्रत्येक सरावापूर्वी १५ ते २० मिनिटे अंग गरम करावे. हलके धावणे, गुडघे वर उचलत चालणे, टाचा मागे मारत धावणे, एका पायावर उसळत पुढे जाणे आणि शेवटी दोन-तीन वाढत्या वेगाच्या धावा, असा क्रम ठेवावा. एकाच स्थितीत बराच वेळ स्नायू ताणून धरण्याचे व्यायाम सराव संपल्यानंतर करावेत. धावेच्या अगदी आधी ते केल्यास स्नायूंचा जोर काही काळ कमी होतो.

चौदा वर्षांवरील मुलामुलींसाठी आठवड्याची साधी आखणी पुढीलप्रमाणे करता येईल. सोमवारी सुरुवातीचा व वेग वाढविण्याचा सराव : ३० मीटरच्या सहा ते आठ धावा. मंगळवारी ताकदीचे व्यायाम. बुधवारी कमाल वेगाचा सराव : २० ते ३० मीटर वेग वाढवीत यायचे आणि पुढचे २० मीटर पूर्ण वेगाने, अशा चार-पाच धावा. गुरुवारी विश्रांती. शुक्रवारी वेग टिकविण्याचा सराव : ८० मीटरच्या तीन धावा व प्रत्येकीनंतर आठ ते दहा मिनिटे विश्रांती. शनिवारी खेळ व रिले शर्यतीचा सराव. रविवारी पूर्ण विश्रांती. दर चौथ्या आठवड्यात हे काम कमी करावे आणि त्याच आठवड्यात पुन्हा वेळा मोजाव्यात. पोलीस भरतीच्या उमेदवारांनी १६०० किंवा ८०० मीटरचा सराव मंगळवारी व शनिवारी ठेवावा. वेगाच्या दिवशी दमाचा सराव आधी करू नये.

सुरुवात वाकून करावी. पुढचा पाय रेषेपासून अंदाजे दोन पावले, म्हणजे स्वतःच्या तळपायाच्या दोन लांबींइतका मागे आणि मागचा पाय तीन लांबींइतका मागे, हे प्रमाण बहुतेकांना सोयीचे पडते. स्टार्टिंग ब्लॉक नसल्यास एखाद्या विद्यार्थ्याने धावपटूच्या मागच्या टाचेला आपल्या पायाचा टेका द्यावा. ऑलिंपिकमध्ये असे ब्लॉक प्रथम १९४८ साली वापरण्यात आले. तत्पूर्वीचे धावपटू मातीत खळगे खणून सुरुवात करीत असत. इशारा झाल्यावर एकदम उभे न राहता पहिली आठ-दहा पावले पुढे झुकून जमीन मागे ढकलावी आणि शरीर क्रमाक्रमाने सरळ होऊ द्यावे. मात्र इशाऱ्यापूर्वी हालचाल करण्याची सवय लागू देऊ नये. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार इशाऱ्यानंतर ०.१ सेकंदाच्या आत झालेला प्रतिसाददेखील चुकीची सुरुवात मानला जातो आणि २०१० पासून पहिल्याच चुकीला धावपटू बाद होतो.

आपल्या खेळांतील साठा

ताकदीच्या व्यायामांसाठी व्यायामशाळा असलीच पाहिजे असे नाही. जोर, बैठका, एक पाय पुढे टाकून गुडघा वाकविण्याचे व्यायाम आणि पायऱ्यांवरील उड्या यांनी उत्तम पाया घातला जातो. शिवाय आपल्या मातीतील खेळांत वेगाच्या प्रशिक्षणाचा मोठा साठा आहे. खो-खोत बसलेला खेळाडू खो मिळताच उठून धावतो. ही हालचाल धावपटूच्या वाकलेल्या सुरुवातीशी अगदी जवळची आहे. प्रतिसाद, पहिली पाच पावले आणि पुढे झुकलेले शरीर हे तिन्ही गुण त्यात घडतात. लंगडीमुळे घोटा व पोटरी मजबूत होते आणि एका पायावर उसळण्याची ताकद येते. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी जिंकली आणि दोन्ही संघांचे कर्णधारपद महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. ज्या शाळेत खो-खो चांगला चालतो, तेथे वेगवान धावपटू शोधण्यास दूर जावे लागणार नाही.

घाटावरील तालुक्यांना आणखी एक नैसर्गिक सोय लाभली आहे. सौम्य चढावर २० ते ३० मीटर धावल्याने पाय आपोआप जमीन मागे ढकलू लागतात आणि पाऊल फार पुढे टाकण्याची सवय सुटते. चढ डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतकाच असावा. वाहतुकीच्या घाटरस्त्यावर मात्र हा सराव कदापि करू नये.

साडेसहा गुंठ्यांचे मैदान

चारशे मीटरची कृत्रिम धावपट्टी प्रत्येक गावात होणे शक्य नाही आणि वेगाच्या सरावास तिची अनिवार्य गरजही नाही. सुरुवातीच्या रेषेमागे थोडी जागा, १०० मीटर धाव आणि पुढे थांबण्यासाठी २५ मीटर, असा एकूण १३० मीटर लांबीचा सरळ पट्टा पुरेसा आहे. नियमाप्रमाणे एका मार्गिकेची रुंदी १.२२ मीटर असते; चार मार्गिकांना सुमारे ५ मीटर लागतात. म्हणजे सर्व मिळून ६५० चौरस मीटर, साधारणतः साडेसहा गुंठे जमीन. शाळेच्या पटांगणाच्या एका कडेला किंवा गावठाणाच्या मोकळ्या जागेत एवढी जमीन बहुतेक ठिकाणी मिळू शकते. तेवढीही लांबी नसेल, तर ६० मीटरच्या धावपट्टीवरही चांगले काम होते.

जमिनीची निवड हा मात्र विचाराचा विषय आहे. घाटाखालील पूर्णा खोऱ्यातील काळी कसदार जमीन कपाशीला उत्तम असली, तरी धावण्यास प्रतिकूल आहे. पावसाळ्यात ती चिकट होते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडून घोटा मुरगळण्याचा धोका निर्माण होतो. अशा ठिकाणी वरची माती काढून मुरमाचा थर द्यावा, पाणी मारावे व रोलर फिरवावा. दाबून १० सेंटिमीटर जाडीचा थर करावयाचा झाल्यास या पट्ट्याला सुमारे २३ ब्रास मुरूम बसतो. रोलरखाली तो दबत असल्याने प्रत्यक्षात त्याहून काहीसा अधिक लागेल. दोन्ही बाजूंना पाण्याच्या निचऱ्यासाठी चर खणावेत. पट्टा शक्यतो उत्तर-दक्षिण आखावा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सूर्य डोळ्यांवर येत नाही. क्रीडांगण विकासाच्या अनुदानाबाबत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे चौकशी करता येते. श्रमदानाची जोड मिळाल्यास काम लवकर पुरे होऊ शकते. मुले पहाटेच्या अंधारात वाहतुकीच्या रस्त्यावर धावण्याचे थांबतील, हा या कामाचा दुसरा मोठा लाभ होय.

दक्षता

वेगवान धावपटूची सर्वांत नेहमीची दुखापत मांडीच्या मागील स्नायूची असते. अंग गरम न करता एकदम पूर्ण वेगाने धावणे, थकलेल्या अवस्थेत धावणे आणि जुनी दुखापत पूर्ण बरी होण्यापूर्वी मैदानात उतरणे, ही तिची प्रमुख कारणे आहेत. प्रतिबंधासाठी एक साधा व्यायाम परिणामकारक ठरला आहे. धावपटूने गुडघ्यांवर उभे राहावे, सोबत्याने त्याचे घोटे घट्ट धरावेत आणि धावपटूने धड सरळ ठेवून शक्य तितक्या सावकाश पुढे झुकावे. फुटबॉल व इतर खेळांतील खेळाडूंवरील अभ्यासांत या व्यायामामुळे मांडीच्या मागील स्नायूच्या दुखापती सुमारे निम्म्याने कमी झाल्याचे आढळले आहे. आठवड्यातून दोनदा, थोड्या आवर्तनांनी सुरुवात करून तो वाढवीत न्यावा.

एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः घाटाखाली, पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या काळात सराव सूर्योदयाच्या सुमारास उरकावा व पाण्याची व्यवस्था मैदानावरच असावी. आहाराच्या बाबतीत ज्वारीची भाकरी, तूर-हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, पालेभाज्या, दूध आणि चालत असल्यास अंडी यांतून बहुतेक गरज भागते. ताकद झटपट वाढविण्याच्या आशेने इंजेक्शने किंवा अनोळखी भुकट्या घेण्याच्या मोहापासून तरुणांना कटाक्षाने दूर ठेवले पाहिजे. अशा द्रव्यांनी यकृत व हृदय यांना कायमची इजा होऊ शकते, आणि उत्तेजक चाचणीत दोषी ठरलेल्या खेळाडूवर काही वर्षांची बंदी येते. या विषयावर देशात २०२२ साली स्वतंत्र कायदाही करण्यात आला आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी काही गोष्टींकडे लक्ष देणे आवश्यक आहे. प्राथमिक शाळेत मुलांच्या बरोबरीने धावणाऱ्या अनेक मुली आठवी-नववीत मैदानाबाहेर पडतात. वेग कमी झाला म्हणून त्या थांबत नाहीत. सरावाची वेळ अडचणीची, सोबत नाही, कपडे बदलण्यास जागा नाही, अशी त्यामागील कारणे असतात. शाळेच्या आवारात शालेय वेळेला लागूनच सराव ठेवला, शिक्षिका किंवा एखादी माता उपस्थित राहिली आणि स्वच्छतागृहाची सोय झाली, तर यांतील बऱ्याच अडचणी दूर होतात. रक्तातील लोहाची कमतरता हेही थकव्याचे मोठे कारण असते. तिची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी.

एक नोंदवही

शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य व राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी होतात. बुलढाण्याचा खेळाडू जिल्हा स्पर्धेनंतर अमरावती विभागात जातो. दहावी-बारावीच्या परीक्षेतील क्रीडा सवलत गुण आणि राज्य शासनाच्या सेवेतील गुणवंत खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण यांचा मार्गही या पायऱ्यांवरूनच जातो. तथापि, तालुक्याच्या स्पर्धेत मुलगा हरतो, तेव्हा तो कशामुळे हरला याची नोंद बहुधा कोठेच राहत नाही. पुढील वर्षी तो पुन्हा तसाच उतरतो, किंवा उतरतच नाही.

यासाठी प्रत्येक शाळेने एक साधी नोंदवही ठेवावी. तीत मुलाचे नाव, वय, दिनांक, वाऱ्याची स्थिती, ३०, ६० व १०० मीटरच्या वेळा आणि पावलांची संख्या एवढीच सदरे असावीत. महिन्यातून एकदा नोंद करावी. शिक्षकाची बदली झाल्यास ती वही पुढील शिक्षकाच्या हाती द्यावी आणि मुलगा शाळा सोडून भरतीच्या तयारीला लागल्यास त्याचे पान त्याला उतरवून द्यावे. वर्षभरात ५.० सेकंदांचे ३० मीटर ४.८ वर आले, तर त्या मुलाला आपल्या प्रगतीचा पुरावा मिळतो आणि पुढे काय करावयाचे, हेही समजते.

पंचायतीने साडेसहा गुंठ्यांचा पट्टा करून द्यावा, शाळेने वही ठेवावी आणि शिक्षकाने घड्याळ हाती घ्यावे. रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या मुलांची जिद्द तर आधीपासूनच तयार आहे.